मामाच्या केसांवरचा भरवसा

फेरिकोय मोहल्ल्याच्या चढावर कोरायचं सलून. दोन खुर्च्या, समोरच्या भिंतीला आरसा आणि मागच्या भिंतीलाही आरसा. मागचा आरसा त्यानं हौसेनं लावून घेतला होता, गिऱ्हाइकाला मानेवरची कड बसल्याजागी दिसावी म्हणून. आणि तिथंच फसला बिचारा! चोवीस वर्षांच्या या पोराला दिवसाचे दहा तास, कात्री चालवता चालवता, जिकडे नजर टाकावी तिकडे स्वतःचंच डोकं दिसायचं. समोर बघितलं की कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आत सरकलेली खिंडारं. जरा बाजूला बघितलं की टाळूवरचा बशीएवढा विरळ गोल. बाकीच्या माणसांना स्वतःची टाळू जन्मात दिसत नाही, म्हणून ती सुखात असतात. यानं ते सुख स्वतःच्या हातानं घालवलं.

गिऱ्हाइकं थोडीच गप्प बसणार! मासळीवाला शाबान रोज दाढीला यायचा. स्वतः तुळतुळीत टकला, पण जीभ कात्रीपेक्षा धारदार.

"उस्ताद, आमचे कापता कापता हात चुकून आपल्याच डोक्यावरून फिरतो की काय?"

"शाबानभाऊ, मान हलवू नका. वस्तरा आहे हातात."

"धमकी देतोय बघा! अरे, मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा माझेही असेच निघाले. आपल्याच पंक्तीतला तू, ये बस."

"मी नाही तुमच्या पंक्तीत बसणार. माझे परत येणार आहेत. माझ्या मामाचे केस बघितलेत ना?"

यावर मात्र शाबानची बोलती बंद व्हायची. कारण नेवझात मामाचे केस सगळ्या चढानं बघितले होते. मामाचं पडद्याच्या कापडाचं दुकान, वय चौपन्न, आणि डोक्यावर काळंभोर जंगल, मागं वळवलेलं, कानांपाशी दोन चांदीच्या रेघा. बायका पडदे घ्यायला जायच्या त्या निम्म्या त्या केसांसाठी जायच्या, असं आम्ही चढावरची माणसं म्हणायचो. एवढा देखणा गडी लग्नावाचून का राहिला, याचं कोडं मात्र कुणाला सुटलं नव्हतं.

कोराय सहा वर्षांचा असताना बाप गेला. तेव्हापासून बहिणीचं घर आणि भाच्याचं शिक्षण मामानं पाहिलं. चौदाव्या वर्षी पोराला कात्री धरायला एका उस्तादाकडे ठेवलं ते मामानंच, आणि हे सलून उघडून दिलं तेही त्यानंच. आणि आमच्याकडे मुलगा मामावर जातो हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. नाक बघायचं तर मामाचं बघावं, उंची बघायची तर मामाची, आणि केस तर शंभर टक्के मामाचेच. कोराय लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलेला, "मी मामासारखा होणार."

एकच सल होता पोराच्या मनात. मामानं त्याला आपल्या केसांना कधी हात लावू दिला नव्हता. अख्ख्या फेरिकोयची डोकी भाच्याच्या हाताखालून जातात, आणि हा मात्र केस कापायला दर महिन्याला बस पकडून पार आक्साराय भागात जातो!

"तिथं माझा माणूस आहे रे. जुना. त्याला कसं दुखवू?" मामा म्हणायचा.

"म्हणजे मला दुखवलं तर चालेल?"

"तू घरचा आहेस," मामा म्हणायचा आणि चहा मागवायचा.

आता खरं दुखणं सांगते. कोरायचं दुखणं नुसतं केसांचं नव्हतं, बेरिनचं होतं. बेरिन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात कामाला. एकदा वस्तऱ्यानं याचं बोट कापलं, ती पट्टी बांधायला आली आणि दोघांचं जमलं. वसंतात तिनं होकार दिला. आता रिवाजाप्रमाणे घरच्या थोरांना घेऊन, फुलं नि मिठाई घेऊन, तिच्या बापाकडे मागणी घालायला जायचं, एवढंच बाकी. आणि इथं या पठ्ठ्याचे पाय अडले. "केस जरा सावरू देत, मग येतो," म्हणाला. का, तर मागणीच्या दिवशी फोटो निघतात, सोफ्यावर समोरासमोर बसतात, वरून दिवा असतो. आणि आज असेच गेलो आणि वर्षाच्या आत उरलेलेही गेले, तर ती काय म्हणेल, आपण काय आणलं घरी?

आधी तो सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टर तुलिनबाई. त्यांनी भिंग लावून डोकं बघितलं.

"वडिलांचे केस कसे होते?"

"एकोणतिसाव्या वर्षी वारलेच ते. फोटोत केस भरपूर आहेत."

"आईचे वडील?"

"त्यांच्या डोक्यावरची टोपी उतरलेली कुणी बघितलीच नाही."

"मामा?"

कोरायचा चेहरा खुलला. त्यानं फोनमधला फोटो पुढे केला. "चौपन्न वर्षांचे आहेत, बाई!"

"छान आहेत," बाई म्हणाल्या, "पण मी तुझं डोकं तपासतेय, मामांचं नाही. तुझे वरचे केस बारीक होत चाललेत, मागचे जाड आहेत. हे घराण्यातूनच आलंय. आईकडून येतं, बापाकडून येतं, दोन्हीकडून थोडं थोडं येतं. मामाला सोडलं आणि भाच्याला धरलं, असंही होतं."

मग बाईंनी उपाय सांगितले, आणि सांगितले ते अगदी सरळ. एक औषधी फेस असतो, तो रोज टाळूला लावायचा. चार-सहा महिने धीर धरायचा, त्याआधी काही कळत नाही. दुसरी गोळी, रोज एक. बऱ्याच जणांची गळती ती थांबवते. क्वचित एखाद्याला पुरुषपणाच्या तक्रारी सुरू होतात किंवा मन उदास होतं. तसं झालं तर गप्प न बसता लगेच येऊन सांगायचं. आणि दोन्ही बंद केले की वाचलेले केस पुन्हा जातात.

"म्हणजे जन्मभर?"

"केस ठेवायचे असतील तोवर."

"आणि सरळ लावूनच घेतले तर? आमच्या चढावर तर दारोदारी केस लावायचे दवाखाने..."

"तुमच्या चढावरचं मला सांगू नकोस," बाई हसल्या. "एवढ्यात नको. गळती चालू असताना पुढं लावलेस तर लावलेले राहतील आणि त्यांच्यामागचे टाळूवरचे जातील. तिशीत पुढं झुडूप आणि मागं मैदान. आधी गळती थांबव, मग बघू. आणि यातलं काहीच केलं नाहीस तरी तू मरत नाहीस, हेही ध्यानात ठेव."

आता एवढं स्पष्ट कुणी सांगितल्यावर माणसानं काय करावं? पण कोरायच्या कानात दोनच गोष्टी राहिल्या. पुरुषपणाच्या तक्रारी, आणि जन्मभर. बाहेर येऊन त्यानं बाईंनी लिहून दिलेल्या औषधांच्या चिठ्ठीची घडी केली, पाकिटात सारली आणि स्वतःशी म्हणाला, बाईंचं काहीतरी चुकतंय. मामाचं जंगल डोळ्यांसमोर असताना आपलं घराण्यातून आलेलं असेलच कसं? हा ताण असणार. नाहीतर पाणी. नाहीतर रक्तातलं लोह.

आणि मग जो गोंधळ सुरू झाला, तो दीड वर्ष काही थांबला नाही. तीन महिने लोहाच्या गोळ्या. आई, मुअल्ला तिचं नाव, ती रोज काळीज तळून पुढ्यात ठेवायची, वर कांदा. शिवाय डोक्याला लसूण चोळायची. सलूनमध्ये गिऱ्हाइकं विचारायची, "उस्ताद, मागं खाणावळ काढलीत का?" मग तमालपानाच्या तेलाचा साबण. मग शिश्लीतल्या एका दुकानात दंडातून रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं आणि त्याचं त्यालाच टाळूत टोचलं. दोनदा. कुणी म्हणालं, याचा उपयोग होतो. कुणी म्हणालं, थोडा होतो. कुणी म्हणालं, पुढच्या वेळी कळेल. एकानं सल्ला दिला, टाळूवर ठिपके गोंदवून घे, लांबून केसच वाटतात. लांबून! बायको काय लांबून बघणार आहे?

शेवटी त्यानं तो फेसही आणला. पण फेरिकोयमध्ये घेतला तर बेरिनच्या हातूनच घ्यावा लागेल, म्हणून हा शहाणा बोटीत बसून समुद्रापलीकडे कादिकोयला गेला! पहिल्या महिन्यात केस थांबायचे सोडून आणखीच गळायला लागले. उशीवर, खांद्यावर, हातात. कोराय हादरला. डबा उचलला आणि सलूनबाहेरच्या कचऱ्यात फेकून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच डबा हातात धरून बेरिन सलूनच्या दारात उभी.

"हे कुणाचं?"

"काय माहीत... गिऱ्हाइकाचं असेल."

"शिक्का कादिकोयच्या दुकानाचा आहे. बोटीनं गेलास? कोराय, माझ्या फळीवर तीन डबे धूळ खात पडलेत!"

कोराय कंगवा पुसत राहिला. कंगवा केव्हाच पुसून झाला होता.

"आणि अर्धा भरलेला आहे. महिन्यात टाकलास ना? का, तर जास्त गळले म्हणून? अरे, सुरुवातीला गळतातच. जुने पडतात, मग नवे येतात. सगळे पुरुष इथंच सोडून देतात. दुकानात येऊन विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"तुला काय विचारू? तुलाच तर कळायला नको होतं."

"काय कळायला नको होतं? मला डोळे नाहीत?"

"हे तात्पुरतं आहे गं. मी असा नाहीये. माझे केस मामासारखे..."

"असा म्हणजे कसा? मी तर तुला असाच बघितलाय." बेरिननं डबा आरशापुढे आपटला. "ऐक आता. तीनदा तू तारीख दिलीस. तीनदा आईनं पडदे धुतले, तीनदा बाबांनी नवा सदरा इस्त्री केला. चौथ्यांदा धुतले तर ते पडदे फाटतील. येत्या रविवारी, दुपारच्या नमाजानंतर. नाही आलास तर पुढच्या रविवारी आत्या इझमीरची माणसं मला मागायला घेऊन येतेय, आणि मी नाही म्हणणार नाही. मला रागही नाही आला. मी थकलेय."

ती गेली आणि कोराय दोन आरशांच्या मध्ये उभा राहिला. रविवारी जावं तर असं डोकं घेऊन जायचं. न जावं तर बेरिन जाते. गोळी घ्यावी तर पुरुषपणाची भीती, न घ्यावी तर टकलाची. त्याच तिरमिरीत त्यानं चढावरच्या एका केस लावायच्या दवाखान्याला टाळूचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत गोड आवाजाच्या माणसाचा फोन!

"भाऊ, साडेचार हजार मुळं! सोमवारी सकाळी येताय?"

"पण गळती चालू आहे..."

"काही हरकत नाही!"

"सरकारी बाई म्हणाल्या, घराण्यातलं आहे. पण माझ्या मामाचे केस दाट आहेत."

"मग तर प्रश्नच मिटला! वर्षभरात तुम्ही तसेच दिसाल."

वर्षभर. कोरायनं हिशेब जुळवला. सोमवारी लावून घ्यायचे, वर्षभर थांबायचं, मग मामासारखं डोकं घेऊन ताठ मानेनं मागणी घालायची. एवढंच, की हे वर्ष कुणीतरी बेरिनच्या बापाकडे, रिफ्कीकाकांकडे, जाऊन मागून आणायला हवं. आणि ते थोरल्या माणसाचं काम.

शुक्रवारी तो पडद्यांच्या दुकानात गेला. मामा मखमल मोजत होता. कोरायनं सगळं सांगितलं, अडखळत, इकडचं तिकडं करत.

"म्हणजे रविवारी मी मागणी घालायची नाही. एक वर्ष मागायचं," मामा म्हणाला.

"हो. तुझा शब्द रिफ्कीकाका मोडणार नाहीत."

"आणि ती मुलगी थांबेल?"

"थांबेल... थांबायला हवी. मामा, तुझे केस डोळ्यांसमोर आहेत म्हणून तर मला खात्री आहे. नाहीतर मी केव्हाच आशा सोडली असती."

मामानं कात्री लावली आणि मखमल तिरकी कापली. तीस वर्षांत त्या दुकानात कापड तिरकं कापलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "जा तू," एवढंच म्हणाला.

रविवारी सलून बंद असतं. सकाळी कोराय आतून काचा पुसत होता, उगीच, हाताला चाळा म्हणून. शटरवर थाप पडली. बाहेर दक्षिणेचा वारा, लोदोस, सुटला होता, कागद, पिशव्या सगळं चढावरून वर उडत होतं, आणि मामा टोपी दोन्ही हातांनी दाबून उभा. लोदोस सुटला की मामा घराबाहेर पडत नसे. कपाळ दुखतं म्हणायचा. बोटीत कधी वरच्या मजल्यावर बसला नाही, थंडी बाधते म्हणून. समुद्रात कधी उतरला नाही, हमामात, सगळ्यांच्या न्हाणीघरात, चढावरच्या गड्यांबरोबर कधी गेला नाही. आम्ही म्हणायचो, तब्येतीनं नाजूक आहे.

मामा आत आला, टोपी काढली आणि कुणी काही बोलायच्या आत खुर्चीत बसला.

"काप."

"काय?"

"केस काप माझे. कितीदा मागं लागलास. आज काप."

कोरायला वाटलं, चला, निदान हे तरी मिळालं. त्यानं मानेला कागदाची पट्टी गुंडाळली, वर पांढरं कापड बांधलं. पाण्याचा फवारा मारला आणि कपाळापासून मागं कंगवा घातला. कंगवा अडला. त्यानं जरा जोर दिला, आणि हाताखालचे केस हलले. सगळे. एकदम.

दहा वर्षं माणसांची डोकी हाताळणारा पोरगा तो. त्याला सांगावं लागलं नाही. तो नुसता कंगवा धरून उभा राहिला. मग मामानंच हात वर नेला, कपाळाजवळची कड शोधली आणि हळूहळू ते जंगल सोलून काढलं. खाली गोरीपान, जरा लालसर, घामेजलेली टाळू. कानांभोवती पिकलेल्या केसांची एक पट्टी, बस.

"सत्तावीस वर्षं," मामा आरशातल्या कोरायला म्हणाला. "तुझ्या जन्माआधीपासून."

कोराय शेजारच्या खुर्चीत बसला. आधी हसू आलं, मग असा संताप आला की तो ओरडलाच.

"दीड वर्ष मी काळीज खातोय, मामा! डोक्याला लसूण चोळतोय! बाई तोंडावर सांगत होत्या, घराण्यातलं आहे, आणि मी त्यांना तुझा फोटो दाखवत होतो! केसानं गळा कापलास तू माझा!"

"कापला," मामा म्हणाला.

"आणि आई? आईला माहीत होतं?"

"तिला पावावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती मी."

कोरायनं तिथूनच आईला फोन लावला. पलीकडून मुअल्लाबाई रडायलाच लागल्या. "पावाची शपथ मोडू का रे मी? तू मामासारखा होणार म्हणायचास, की माझा जीव नुसता खालीवर व्हायचा. मला सुचेना काय करू. म्हणून काळीज तळायचे."

त्यानं फोन ठेवला. लोदोस शटर हलवत होता. मग मामा बोलायला लागला, आरशाकडे बघत.

"चोविसाव्या वर्षी सुरू झालं माझं. शुक्रान म्हणून मुलगी होती, याच चढावरची. दोघांचं पक्कं होतं. मी तिला म्हणालो, केस येऊ देत, मग तुझ्या बापाकडे येतो. तेव्हा तेलं होती, मलमं होती, पेट्रोलही चोळलंय मी. एक वर्ष म्हणालो. मग आणखी एक वर्ष म्हणालो. तीन वर्षं थांबली ती. मग बुर्साला दिली तिला. त्यानंतर चार महिन्यांनी जर्मनीहून हे आलं." त्यानं मांडीवरच्या केसांच्या टोपाकडे बोट केलं. "डोक्यावर चढवलं आणि आरशात बघितलं. झकास दिसत होतो रे. कुणाला दाखवायचं, तेच कळेना."

कोरायनं मामाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू सहा वर्षांचा होतास. बाप गेलेला. जो भेटेल त्याला सांगायचास, मी मामासारखा होणार. तुला कुठल्या तोंडानं सांगू, की मामा असा आहे? मग दिवस गेले, आणि सांगायची वेळच निघून गेली. परवा तू म्हणालास, माझे केस बघून तुला खात्री वाटते. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही."

"मग मी आता काय करू, मामा? गोळी घेऊ? फेस लावू? उद्या सोमवार. जाऊन लावून घेऊ? की सगळेच उतरवून टाकू?"

"मला काय विचारतोस? सत्तावीस वर्षं मी चुकीचंच उत्तर डोक्यावर घेऊन फिरतोय. केसांचं काय ते तू त्या डॉक्टरीणबाईंना विचार, सावकाश ठरव, चुकलं तर बदल. पण आज दुपारी कुठं जायचं, तेवढं मला पक्कं माहीत आहे."

कोराय उठला. त्यानं गरम पाण्यात टॉवेल पिळला, मामाच्या टाळूवर ठेवला, साबणाचा फेस केला, वस्तऱ्याला नवं पातं लावलं आणि कानांभोवतीची ती पांढरी पट्टी उतरवली. इतका सांभाळून हात त्यानं कुणाच्या डोक्यावर चालवला नव्हता. कानांवरची लव ज्योतीनं झटक्यात जाळली, लिंबाचा कोलोन चोळला. मग छोटा आरसा मागं धरला, जसा सगळ्यांना धरतो तसा, आणि दहा वर्षांत हजारो जणांना म्हटलेलं ते वाक्य पहिल्यांदाच मामाला म्हणाला, "आरोग्य लाभो, मामा."

मामानं दोन्ही आरशांत बघितलं. पुढून, मागून. "माझं डोकं एवढं लहान आहे होय!"

"हे परत बसवून देऊ? डिंक आहे माझ्याकडे."

मामा टोपाकडे बघत राहिला. "ठेव त्या खणात," म्हणाला, "आणि खण लाव."

दुपारी तिघं निघाले. मुअल्लाबाई मिठाईचा डबा घेऊन, कोराय फुलं घेऊन, मामा मोकळ्या हातांनी. भावाचं डोकं बघून बाईंनी तोंडावर हात ठेवला, मग पुढं होऊन त्या टाळूचा मुकाच घेतला. कोपऱ्यावर लोदोसचा झोत आला आणि सवयीनं मामाचे दोन्ही हात डोक्याकडे गेले. धरायला काही नव्हतं. मामा तिथंच वाऱ्यात उभा राहिला. "अरे, गार लागतं!" म्हणाला आणि पोरासारखा हसला. कोरायला मात्र हसू येईना. फुलांनी टाळू झाकावी की तोंड, हे त्याला अजून ठरवता येत नव्हतं.

दार रिफ्कीकाकांनी उघडलं, बेरिनच्या वडिलांनी. इस्त्रीचा सदरा. त्यांनी मुअल्लाबाईंना या म्हटलं, कोरायला या म्हटलं, मग त्या तिसऱ्या गृहस्थाला अदबीनं विचारलं, "आपण कोण? आणि नेवझातभाऊ नाही आले?"

"आलोय की," मामा म्हणाला.

काका बघतच राहिले. मग आवाज ओळखला, डोळे विस्फारले, आणि भला माणूस म्हणून एवढंच म्हणाले, "या, या. वारा फार आहे बाहेर."

बेरिन कॉफीचं तबक घेऊन आली. तिनं मामाच्या डोक्याकडे बघितलं, कोरायकडे बघितलं, आणि तिला सगळं समजलं. औषधाच्या दुकानातली मुलगी ती. कोरायला रिवाजाप्रमाणे नवऱ्याचा धीर जोखणारी मिठाची कॉफी मिळाली, आणि मीठ तीन तारखांच्या हिशेबानं घातलेलं होतं. तो एका दमात प्यायला. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा हलू दिला नाही. रिकामा पेला तबकात ठेवताना त्यानं पाकिटातली ती दीड वर्षाची घडी घातलेली चिठ्ठी पेल्याखाली सरकवली.

बेरिननं स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ती उघडली. तिथूनच ओठ हलवून त्याला म्हणाली, "जुनी झाली. उद्या बाईंकडे जाऊ. दोघं."

कोरायच्या खिशात फोन थरथरला. गोड आवाजाचा माणूस असणार, उद्या येताय ना विचारत. गोळी घ्यायची की नाही, फेस पुन्हा लावायचा की नाही, हे त्याला आत्ताही कळलेलं नव्हतं. पण तिनं दोघं म्हटलं होतं.

मुअल्लाबाईंनी ओढणीच्या टोकाशी चाललेला चाळा थांबवला. मामा सोफ्यावर पुढं सरकून बसला, वरच्या दिव्याखाली, आणि त्यानं घसाही न खाकरता मागणीचं ते ठरलेलं वाक्य म्हटलं.

"अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबरांच्या वचनानं, तुमच्या मुलीला, बेरिनला, आमच्या मुलासाठी, कोरायसाठी, मागतो."

रिफ्कीकाकांनी मुलीकडे बघितलं. तिनं मान हलवली. "दिली," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा हलला, म्हणून ते सावरायला बोलत राहिले. "वा, नेवझातभाऊ. भले भले इथं अडखळतात. माझे काका तर माझ्या वेळी मुलीचं नावच विसरले होते. तुम्ही कसं सरळ म्हणालात!"

"पाठ आहे मला," मामा म्हणाला. "तीस वर्षांपासून पाठ आहे."

आणि तो खिशात रुमाल शोधू लागला.